सुट्या भागांचा संगणक : एका निवडीचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे शिवकाल उभा राहतो, पेशवाई उभी राहते, फार तर अठराशे सत्तावन. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत तो जेमतेम अर्ध्या शतकाचा आहे आणि त्यात ना गड आहे ना लढाई. परंतु तो आपल्या घरात, आपल्या मुलांच्या टेबलावर येऊन बसला आहे. म्हणून तो जाणून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

निमित्त असे घडले. दिवाळीनंतर एका सायंकाळी आमच्या आळीतील एक गृहस्थ हातात एक कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या चिरंजीवांनी पदवी घेतली होती आणि नोकरीमागे न धावता लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संकलन, ज्याला मुले एडिटिंग म्हणतात, ते घरबसल्या करावयाचे ठरविले होते. रात्री त्याच यंत्रावर खेळही खेळावयाचे होते. हे कागदावर लिहिलेले नव्हते, पण वडिलांना ठाऊक होते. पैसे वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून यावयाचे होते. कागदावर आठ वस्तूंची यादी होती: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. आठांपैकी बहुतेकांवर निरनिराळ्या कंपन्यांची नावे होती.

गृहस्थ म्हणाले, "मास्तर, दुकानात तयार संगणक मिळतो. हा म्हणतो, आठ वस्तू वेगवेगळ्या आणून घरी जोडू. मला दोनच प्रश्न पडले आहेत. ह्या आठ जणांच्या वस्तू एकमेकांना बसतील कशा? आणि नाही बसल्या, तर भांडायचे कोणाशी?"

प्रश्न साधे होते, पण आम्ही निरुत्तर झालो. पोळपाट एकाचा आणि लाटणे दुसऱ्याचे चालते, हे आपण जाणतो. पण एका मोटारीचे इंजिन दुसरीला बसत नाही. मग संगणकासारखे नाजूक यंत्र आठ घरचे पाहुणे एकत्र बसवून चालते तरी कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे त्याहून अधिक इतिहासात आहे. तो इतिहास आम्ही जसा समजून घेतला तसा आपल्यापुढे मांडतो.

प्रारंभी संगणकाचे भाग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९६० च्या सुमारास मोठी कार्यालये आणि विद्यापीठे जे संगणक वापरीत ते बहुधा भाड्याने घेतलेले असत. खोलीभर पसरलेले ते यंत्र एकाच कंपनीकडून येई, आणि बिघडले तर त्याच कंपनीचा माणूस पेटी घेऊन येई. ह्या व्यवहारात आयबीएम ही अमेरिकन कंपनी सार्वभौम होती. भांडायचे कोणाशी, हा प्रश्न तेव्हा नव्हता. कारण निवडीचा अधिकारही नव्हता.

ह्या व्यवस्थेत पहिला बदल घडला तो यंत्र लहान झाल्यामुळे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲपल ह्या नव्या कंपनीने 'ॲपल टू' नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. त्याचा रचनाकार स्टीव्ह वॉझनिअॅक ह्याने आतल्या पाटीवर आठ लांबट खाचा ठेवल्या होत्या. इंग्रजीत त्यांना स्लॉट म्हणतात आणि आपल्या बाजारातही तोच शब्द रूढ आहे. खाचेत एखादे कार्ड बसविले की यंत्राला नवे अंग फुटे. त्याचा सहकारी स्टीव्ह जॉब्ज ह्याचे मत असे होते की दोन खाचा पुरेत, एक छपाईयंत्रासाठी आणि एक दूरध्वनीच्या जोडणीसाठी. आणखी कोणाला काय लागणार? वॉझनिअॅक आपल्या म्हणण्यावर अडून राहिला आणि आठ खाचा राहिल्या.

श्रोतेहो, आजच्या विषयाचे सार ह्या वादात आहे. जॉब्जचा प्रश्न चुकीचा नव्हता. वापरणाऱ्याला काय लागेल हे जर बनवणाऱ्याला ठाऊक असेल, तर जास्तीची खाच हा खर्चच होय. वॉझनिअॅकचा आग्रह एवढाच होता की ते बनवणाऱ्याला ठाऊक असणे शक्य नाही. ह्या दोघांपैकी इतिहासाने कोणाची बाजू घेतली ते आता पाहू.

१२ ऑगस्ट १९८१ ह्या दिवशी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज ह्याच्या हाताखालील एका लहान गटाने तो सुमारे एका वर्षात सिद्ध केला होता. एवढ्या थोड्या अवधीत सर्व काही स्वतः घडविणे शक्य नव्हते, म्हणून ह्या गटाने बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, मूळ कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि फ्लॉपीची यंत्रे टंडन कंपनीची. भारतात जन्मलेल्या सिरजंगलाल टंडन ह्यांनी अमेरिकेत स्थापलेली ही कंपनी. सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर होती. आत पाच खाचा होत्या. आणि आयबीएमने एक तांत्रिक पुस्तिका विक्रीस ठेवली, जिच्यात खाचेच्या प्रत्येक पिनेचे काम छापलेले होते. उद्देश हा की इतरांनी कार्डे बनवावी आणि आपल्या यंत्राचा खप वाढावा. सुट्या भागांचा संगणक जगाला मिळाला तो असा. कोणाच्या औदार्याने नव्हे, तर घाईने आणि व्यापारी हिशेबाने. इतिहासात अनेक अधिकार असेच मिळालेले आहेत.

ह्या यंत्रात एक मौज होती. पडद्यावर चित्र काढण्याची सोय मूळ पाटीवर नव्हतीच. तिच्यासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागे. आयबीएमने स्वतःच दोन कार्डे काढली होती. एकावर सुवाच्य अक्षरे उमटत, पण चित्र किंवा रंग नसत, ते कचेरीसाठी. दुसऱ्यावर एका वेळी चार रंगांत चित्रे काढता येत, पण अक्षरे ओबडधोबड दिसत. ते खेळ आणि आकृत्यांसाठी. म्हणजे काम की खेळ, हा आमच्या आळीतील चिरंजीवांपुढचा प्रश्न १९८१ च्या पहिल्याच गिऱ्हाइकापुढेही ग्राफिक्स कार्डाच्या रूपानेच उभा होता.

ह्या दोन कार्डांच्या मधली जागा कोणी भरून काढली? आयबीएमने नव्हे. अमेरिकेत शिकणाऱ्या वॅन सुवान्नुकुल नावाच्या एका थाई अभियंत्याला आपला प्रबंध लिहिताना थाई लिपीची अक्षरे पडद्यावर हवी होती. उपलब्ध कार्डांवर ती नीट उमटेनात, म्हणून त्याने स्वतःच एक कार्ड तयार केले. १९८२ मध्ये निघालेल्या त्याच्या हर्क्युलिस कंपनीचे ते कार्ड पुढे जगभर खपले.

आणि हीच गोष्ट आपल्या लिपीचीही आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले ते १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेत आले आणि तेथून 'जिस्ट' नावाचे कार्ड निघाले. संगणकाच्या रिकाम्या खाचेत ते बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांतूनही पडद्यावर देवनागरी उमटे. बोका रॅटनच्या त्या गटाने मराठीचा विचार केला असण्याचे कारण नव्हते. त्यांनी एक खाच रिकामी ठेवली होती आणि तिची मापे छापली होती, एवढ्यावर आपले क, ख, ग संगणकात शिरले. जॉब्ज आणि वॉझनिअॅक ह्यांच्या वादाचा ह्याहून स्पष्ट निकाल कोणता हवा?

परंतु खाच खुली असली तरी यंत्र अजून आयबीएमचेच होते. ते कोणालाही जुळविता यावे ह्यासाठी आणखी एक कुलूप उघडणे आवश्यक होते. यंत्र सुरू होताच जागा होणारा बायोस नावाचा एक लहानसा प्रोग्राम ही आयबीएमची स्वतःची मालमत्ता होती. त्याचा मजकूरही पुस्तिकेत छापलेला होता, पण छापलेला म्हणजे मोकळा नव्हे; त्यावर कायद्याचा हक्क होता. ज्यांनी सरळ नक्कल केली त्यांतील काहींना १९८४ मध्ये आयबीएमने न्यायालयात खेचले आणि त्यांना तडजोड करावी लागली. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने मात्र वेगळी वाट धरली. एका गटाने मूळ बायोस काय काय करतो ह्याचे वर्णन लिहून काढले. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ मजकूर डोळ्यांनीही पाहिला नव्हता, केवळ त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला तिचा तेरा किलो वजनाचा 'उचलता येण्याजोगा' संगणक १९८३ मध्ये विक्रीस आला आणि त्या वर्षी कंपनीची विक्री अकरा कोटी डॉलरांवर गेली. १९८४ मध्ये फिनिक्स ह्या कंपनीने अशाच पद्धतीने लिहिलेला बायोस कोणत्याही कारखानदाराला विकावयास काढला. तेव्हापासून मदरबोर्ड हा कोणीही बनवावा आणि कोणीही विकत घ्यावा असा माल झाला.

आयबीएमला हे रुचले नाही. १९८७ मध्ये तिने 'पीएस टू' ही नवी मालिका काढली. तिची अंतर्गत खाच तांत्रिकदृष्ट्या सरस होती, पण तीत जुनी कार्डे बसत नसत आणि इतरांना ती वापरावयाची तर परवाना व शुल्क पडे. दुसऱ्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डे चालतील अशा नव्या खाचेचे माप जाहीर केले. ते मापही फार चालले नाही; पुढे इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेल्या पीसीआय ह्या खाचेने सर्वांची जागा घेतली. पण आयबीएमचा डाव फसला तो फसलाच. ज्या कंपनीने हे यंत्र निर्माण केले तिने २००५ मध्ये आपला हा सारा व्यवसाय लेनोव्हो ह्या चिनी कंपनीला विकून टाकला.

आता त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आठ जणांच्या वस्तू एकमेकांना बसतात, कारण त्यांच्यामधील सांध्यांची मापे जाहीर झालेली आहेत. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' नावाचे माप प्रसिद्ध केले. मदरबोर्डाची लांबीरुंदी, स्क्रूची भोके, विजेचा जोड, सारे त्यात ठरून गेले. त्यापूर्वी मदरबोर्डाला वीज देणारे दोन सारखेच जोड असत. ते उलटसुलट बसले तर पाटी जळून जाई. म्हणून जोडणारी मुले 'काळी तार काळीशेजारी' हा मंत्र पाठ करीत. एटीएक्समध्ये एकच जोड आला आणि तो उलटा बसतच नाही. २००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेस ही आजची खाच ठरली. तिचे गुण असे की नवे कार्ड जुन्या खाचेत आणि जुने कार्ड नव्या खाचेत सहसा चालते. सर्वच सांधे इतके उदार नाहीत. डीडीआर फोर जातीची रॅम डीडीआर फाइव्हच्या जागेत बसत नाही. खोबण मुद्दाम वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. प्रोसेसरची बैठकही दर काही वर्षांनी बदलते. एएमडीने २०१६ मध्ये आणलेल्या बैठकीवर २०२२ साली निघालेले प्रोसेसरही बसू शकले, तर इतर काही बैठका दोन पिढ्यांतच मोडीत निघाल्या. यादी करताना हे आधी पाहावे लागते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पूर्वी रेडिओचे सुटे भाग मिळत. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आणि पुढे १९९१ नंतरच्या खुल्या आयातीने तेथे संगणकाचे भाग येऊ लागले. दिल्लीचे नेहरू प्लेस आणि बंगळूरचा एस. पी. रोड ह्यांचीही तीच कथा. १९९० च्या दशकात आपल्याकडील कित्येक घरांत आलेला पहिला संगणक हा कोणत्याही कंपनीचे नाव नसलेला, 'असेंबल्ड' संगणक होता. ज्यांना तयार यंत्र परवडत नव्हते त्यांना तो परवडला, आणि ज्यांनी कोणतेही तंत्रविद्यालय पाहिले नव्हते अशी मुले स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन ही विद्या शिकली.

आता खेळ आणि संकलन ह्या दोन कामांकडे वळू; कारण कागदावरील यादीचा जीव त्यांतच आहे. ही दोन्ही कामेही संगणकात शिरली ती रिकाम्या खाचेतूनच. १९८७ मध्ये कॅनडातील ॲडलिब कंपनीने संगीताचे कार्ड काढले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' काढले. तोवर ह्या यंत्राचा आवाज म्हणजे नुसते पिपाणीसारखे बीप होते. १९९० मध्ये 'व्हिडिओ टोस्टर' नावाचे कार्ड अमीगा संगणकाच्या खाचेत बसू लागले आणि दूरचित्रवाणी केंद्रातील महागड्या यंत्रांची कामे एका टेबलावर होऊ लागली. १९९५ नंतर डीव्ही पद्धतीचे कॅमेरे आले. त्यांच्या एका तासाच्या चित्रीकरणाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागे, पण एका साध्या जोडकार्डाने ते घरच्या संगणकात उतरविता येई. लग्नाच्या व्हिडिओचा घरगुती धंदा उभा राहण्याजोगी जमीन येथे तयार झाली.

खेळांची वाट आणखी विलक्षण आहे. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ आला तेव्हा त्याची सारी चित्रे प्रोसेसरच काढीत असे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'वूडू' कार्ड आले. ते फक्त खेळातील त्रिमितीय चित्रेच काढी; नेहमीच्या कामासाठी शेजारी दुसरे कार्ड ठेवावेच लागे. केवळ खेळासाठी कोणी वेगळे कार्ड विकत घेईल काय, अशी शंका कोणालाही आली असती. लोकांनी घेतले. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' काढले, आणि २००७ मध्ये त्याच कंपनीने ह्या कार्डांवर खेळाव्यतिरिक्त अन्य आकडेमोड करण्याचे साधन प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती दिले. तेव्हा खेळाचे कार्ड संकलकाच्या कामाला आले. २०१२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी चित्रे ओळखणारी प्रणाली शिकविली तीही खेळासाठी विकल्या जाणाऱ्या अशाच दोन कार्डांवर. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाटेवरील तो एक मोठा टप्पा मानला जातो. मुलांच्या खेळाला आपण फुकट गेलेला वेळ म्हणतो. ह्या एका बाबतीत तरी तो तसा नव्हता.

पण दोन्ही कामांची भूक वेगळी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. खेळात चित्र क्षणाक्षणाला नव्याने काढावयाचे असते. सेकंदाला साठ चित्रे हवी तर एका चित्रासाठी सुमारे पावणेसतरा सहस्रांश सेकंदच मिळतात. एकशे चव्वेचाळीस हवी तर सातही मिळत नाहीत. हा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. संकलनात चित्र आधीच काढलेले असते, परंतु त्याचा पसारा प्रचंड असतो. ज्याला फोरके म्हणतात त्या चित्रात सुमारे त्र्याऐंशी लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले आणि सेकंदास तीस चित्रे धरली तर एका सेकंदाचे जवळजवळ पंचाहत्तर कोटी बाइट होतात. एवढे साठविणे परवडत नाही, म्हणून कॅमेरा ते दाबून ठेवतो. दाबण्याची युक्ती अशी की प्रत्येक चित्र पूर्ण न लिहिता मागच्यापुढच्या चित्रांहून जो फरक असेल तेवढाच लिहावयाचा. पाहणाऱ्याला ह्याचा त्रास नाही, पण संकलक मध्येच थांबतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. त्या प्रत्येक वेळी यंत्राला शेजारची चित्रे उलगडून हवे ते चित्र घडवावे लागते. म्हणून संकलनाला अनेक गाभ्यांचा प्रोसेसर, भरपूर रॅम, वेगवान एसएसडी, आणि कॅमेऱ्याची भाषा उलगडणारे मंडल लागते. हे मंडल काही प्रोसेसरांत आणि ग्राफिक्स कार्डांतच बसविलेले असते, पण प्रत्येकाला प्रत्येक कॅमेऱ्याची भाषा येतेच असे नाही.

आता तो कागद. आम्ही चिरंजीवांना बोलावून घेतले. त्यांच्या यादीत निम्म्याहून अधिक पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डावर गेले होते. रॅम सोळा गिगाबाइट होती, मॉनिटर साधा होता, आणि कॅबिनेट काचेचे, आतून रंगीत दिवे लुकलुकणारे. एसएमपीएस मात्र सर्वांत स्वस्त. आम्ही म्हणालो, "अरे, हा तर बडा घर पोकळ वासा झाला. घरातली सारी वीज ज्याच्यातून जाते तोच कच्चा ठेवलास?"

"काका, त्याने वेग थोडाच वाढतो?" चिरंजीव म्हणाले.

वेग वाढत नाही हे खरे. पण तो जाताना शेजाऱ्यांना घेऊन जाण्याचा संभव असतो. शिवाय साधा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवितो. कार्डाने दीडशे काढली तरी ती दिसणार कोठे? खिलारी बैलाशेजारी मरतुकडा बैल जुंपला तर गाडी मरतुकड्याच्या चालीनेच चालते. आम्ही तिघांनी बसून यादी पुन्हा लिहिली. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणले. वाचलेल्या पैशांतून रॅम बत्तीस केली आणि दोन खाचा पुढच्यासाठी रिकाम्या ठेवल्या. एसएमपीएस चांगल्या प्रतीचा, सर्व भागांच्या एकूण मागणीहून बराच अधिक शक्तीचा घेतला. रंग विश्वासाने दाखविणारा मॉनिटर घेतला, कारण नववधूच्या शालूचा रंग चुकला तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दिवे लुकलुकणारे कॅबिनेट गेले. त्याच्या जागी यूपीएस आला, कारण आमच्या गावी वीज सांगून जात नाही. आणि एक वेगळी हार्ड डिस्क आली. लोकांच्या लग्नाची एकमेव प्रत एकाच ठिकाणी ठेवणे हे पाप आहे. शेवटी चिरंजीवांना सांगितले की ज्या कॅमेऱ्यावर तू काम करणार त्याचीच एक फीत पेनड्राइव्हवर घालून दुकानात ने आणि तशाच प्रोसेसरवर चालवून पाहा.

यादी तयार झाली तेव्हा भाव पाहून गृहस्थ पुन्हा दचकले. रॅमचा आकडा चिरंजीवांनी काही महिन्यांपूर्वी लिहिलेल्या आकड्याहून बराच वर गेला होता. दोष दुकानदाराचा नव्हता. २०११ मध्ये थायलंडात महापूर आला तेव्हा जगभर हार्ड डिस्क महागल्या होत्या. २०२० आणि २०२१ मध्ये आभासी चलनाच्या मागे लागलेल्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली आणि मुलांच्या हाती काही उरले नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांनी स्मृतीच्या चिपांची मागणी वाढविली आणि घरगुती रॅमचे भाव कडाडले. ज्या खेळाच्या कार्डांनी त्या विद्येला वाट करून दिली, त्याच विद्येने आता खेळणाऱ्याची रॅम महाग केली. इतिहास असा हिशेब कधीकधी पुरा करतो.

आता विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे. जॉब्जचा विचार मेला नाही. १९८४ चा मॅकिंटॉश वापरणाऱ्याने उघडू नये अशाच बेताने बंद केलेला होता, आणि २०२० मध्ये ॲपलने जी 'एम वन' चिप काढली तिच्या शेजारी रॅम कायमची जडविलेली असते. पुढे वाढविता येत नाही. घेतानाच ठरवावे लागते. ह्याचा लाभ मोठा आहे. सांधे नाहीसे झाल्याने वीज थोडी लागते, वेग वाढतो, आणि बॅटरीवरही संकलन चालते. ज्याला केवळ काम करावयाचे आहे त्याने असे यंत्र घेतले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. मोबाइल तर बंद पेटीच आहे, आणि पुष्कळ लॅपटॉपांतही रॅम आता डाक लावून पक्की केलेली असते. सांध्यांचा संगणक हा आज घरातील इतर संगणकांत एकटा पडत चालला आहे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. नाही बसल्या, तर भांडायचे कोणाशी? प्रत्येक वस्तूची हमी तिची कंपनी देते. त्या आठ वस्तू एकमेकींशी जुळतील ही हमी कोणी देत नाही. ती हमी निवडणाऱ्याने स्वतः घ्यावयाची असते. आम्ही गृहस्थांना हेच सांगितले की तयार यंत्र घेतले तर भांडायला एक दुकानदार मिळेल. हे यंत्र घेतले तर भांडण चिरंजीवांशी, आणि चिरंजीवांचे स्वतःशी. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग बरे आहे. तो निदान घरात असतो."

आयबीएमच्या काळी गिऱ्हाइकाला निवड नव्हती आणि जबाबदारीही नव्हती. आज दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकाच पुडीत बांधून येतात. ज्यांना जबाबदारी नको असते त्यांच्या हातून निवडही हळूहळू निघून जाते. त्यासाठी कोणी जुलमी राजा लागत नाही, सोय पुरते. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा कागद येईल त्यांनी तो मुलाचा हट्ट म्हणून बाजूला सारू नये आणि डोळे मिटून पैसेही देऊ नयेत. मुलाला शेजारी बसवून प्रत्येक ओळीपुढे 'हे कशासाठी?' असे विचारावे. त्याला उत्तर देता आले तर वस्तू घ्यावी. आणि आतली एखादी खाच रिकामी राहिली तर हळहळू नये. तिच्यात उद्या काय बसेल ते आज त्यालाही ठाऊक नाही आणि ती बनवणाऱ्यालाही नाही.

चिरंजीवांचे यंत्र आता सुरू आहे. पहिल्या दिवशी ते चालू झाले नाही. रॅमची एक पट्टी पुरती दाबली गेली नव्हती. ती कोणी दाबली हे वडिलांनी आम्हांला दोनदा सांगितले. ती त्यांनीच दाबली होती.